हिरव्या रंगाचा हट्ट मुळावर येतो

ऑगस्ट २०२२मध्ये फ्रान्समधल्या शंभराहून अधिक गावांचा पिण्याच्या पाण्याचा पुरवठा आटला होता. त्याआधीचा जुलै हा १९५९पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा जुलै होता. घरच्या बागेला पाणी घालायला आणि गाडी धुवायला अनेक जिल्ह्यांत बंदी होती. गोल्फ मैदानांवरच्या ग्रीन्सना मात्र रात्रीच्या वेळी मर्यादित पाणी देण्याची सवलत होती. तुलूझ शहराजवळच्या मैदानांवर काही कार्यकर्ते शिरले आणि त्यांनी ग्रीनवरची भोकं सिमेंटने बुजवली. फ्रेंच गोल्फ महासंघाने सवलतीची बाजू मांडली. तीन दिवस पाणी नाही मिळालं तर ग्रीन मरतं, आणि ग्रीनशिवायचं गोल्फ म्हणजे बर्फाशिवायची स्केटिंगची जागा, असं महासंघाच्या वतीने सांगण्यात आलं.

हा युक्तिवाद निम्मा खरा आहे. मला आक्षेप घ्यायचा आहे तो उरलेल्या निम्म्यावर. ग्रीनच्या नाजूकपणाची ढाल पुढे करून मैदानाचा सगळा हिरवेपणा वाचवला जातो, आणि ही रीत फ्रान्सपुरती नाही. अमेरिकेतल्या क्लबांच्या समित्या, टीव्हीवरचे समालोचक, भारतातल्या मैदानांचे सभासद या सगळ्यांच्या बोलण्यात एकच साखळी असते. गवत तपकिरी दिसलं म्हणजे निगा कमी पडली, निगा कमी पडली म्हणजे पाणी कमी पडलं, तेव्हा पाणी वाढवा. या साखळीतली एकही कडी गवताच्या शास्त्रापुढे टिकत नाही. आणि तिची किंमत दोन ठिकाणी मोजली जाते. पाणी जातंच, शिवाय ज्याच्या नावाने ते ओतलं जातं ते गवतही जातं.

आधी मापाचा घोळ सोडवू. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचा अगदी बारीक कापलेला, गुळगुळीत तुकडा. असा एक तुकडा साधारण पाच-सहाशे चौरस मीटरचा असतो. अठरा भोकांच्या मैदानावर सगळी ग्रीन्स मिळून जेमतेम एक हेक्टर भरतात. टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, ग्रीनपर्यंतचा पट्टा म्हणजे फेअरवे, त्यांचं क्षेत्र याच्या दहा-बारा पट, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या रफला, म्हणजे उंच ठेवलेल्या गवतालाही, पाणी दिलं तर भिजणारं क्षेत्र तीस हेक्टरच्या घरात जाऊ शकतं. कडक उन्हाच्या कोरड्या दिवशी हिरवळीतून सहा मिलिमीटरच्या आसपास पाणी उडून जातं. एका हेक्टरला हे झाले ६० हजार लिटर, म्हणजे दहा हजारी सहा टँकर. तीस हेक्टरला झाले १८ लाख लिटर, म्हणजे १८० टँकर. ‘ग्रीन मरतं’ हे वाक्य सहा टँकरांबद्दल खरं आहे. ते उरलेल्या १७४ टँकरांसाठी वापरलं जातं, तेव्हा ती दिशाभूल होते. फ्रान्समध्ये टंचाईच्या शेवटच्या टप्प्यात फक्त ग्रीन्सना, तेही नेहमीच्या ३० टक्क्यांपर्यंतच पाणी, असा करार होता. तो करार मला रास्त वाटतो. सिमेंट ओतणाऱ्यांचा राग मला समजतो, पण त्यांनी नेमका मैदानाचा तो हेक्टर निवडला ज्याच्याबद्दल क्लबांकडे खरं उत्तर होतं. उरलेल्या हेक्टरांबद्दल त्यांनी प्रश्न विचारायला हवा होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जास्त पाणी दिलं की उन्हाळ्यात गवत तरतं, हा समज इतका घट्ट आहे की तो मुळापासून तपासावा लागेल.

थंड प्रदेशातल्या ग्रीन्सवर बहुधा बेंटग्रास असतं, जोडीला आपोआप शिरलेलं पोआ अॅन्युआ. बेंटग्रासच्या पानांची वाढ १५ ते २४ अंश सेल्सिअसमध्ये सर्वांत चांगली होते, आणि मुळांना तर याहूनही गार माती लागते. पारा तिशीच्या पुढे गेला की पानातली अन्न बनवण्याची यंत्रणा चुकू लागते. जे विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं, ते ऑक्सिजनही पकडू लागतं आणि बनलेलं अन्न वाया जातं. त्याच वेळी श्वसन वाढतं. रात्रीही हवा गार झाली नाही तर ते रात्रभर चालू राहतं. अन्न कमी पडलं की वनस्पती आधी मुळं सोडते. वसंतात दहा-पंधरा सेंटिमीटर खोल गेलेली मुळं उन्हाळा संपता संपता दोन-तीन सेंटिमीटरवर येतात. वरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, त्याला हिरवळ दिसते.

मुळं आखडली म्हणून पाणी वाढवलं तर काय होतं? मातीच्या छिद्रांतली हवा निघून जाते आणि तिथे पाणी बसतं. हवेपेक्षा पाण्यातून ऑक्सिजन सुमारे दहा हजार पट सावकाश झिरपतो. मुळांना श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो, आणि श्वास थांबला की पाणी शोषण्याचं कामही थांबतं. मग पाण्यात उभं राहूनच गवत सुकतं. त्यातून ओली माती दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री सावकाश सोडते, त्यामुळे मुळांना रात्रीचा विसावाही मिळत नाही. सखल जागी साचलेलं पाणी दुपारच्या उन्हात तापतं आणि गवत अक्षरशः उकडून निघतं. याच्या जोडीला पिथियम येतं. रोपवाटिकेत रोपं कोलमडतात आणि आल्याचे गड्डे कुजतात, त्यामागे हेच पिथियम असतं. उबदार, दमट रात्र आणि सतत ओलं पान मिळालं की ते एका रात्रीत ग्रीनवर तेलकट, काळपट डाग उमटवतं, आणि पाण्याच्या ओघाबरोबर पुढे सरकतं.

वाफसा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. ओल आहे आणि हवाही आहे, अशा मातीतच मूळ काम करतं, हे त्याला पायाखालच्या ढेकळावरून कळतं. गोल्फ मैदानाचं उन्हाळ्यातलं सगळं कसब वाफसा सांभाळण्यात आहे. जो सभासद उपाहारगृहाच्या खिडकीतून बोट दाखवून ‘तिकडे स्प्रिंकलर लावा’ म्हणतो, तो नेमका हा वाफसा मोडायला सांगत असतो.

अडचण अशी आहे की तहानेने सुकलेलं आणि पाण्यात गुदमरून सुकलेलं गवत वरून जवळपास सारखंच दिसतं. दोन्हीकडे पात्यांचा रंग निळसर-करडा होतो, पातं दुमडतं, पाऊल उचललं तरी ठसा तसाच राहतो. फरक कळायला जमिनीत नळी घालून मातीचा गाभा बाहेर काढावा लागतो, तो बोटांनी दाबावा लागतो, हुंगावा लागतो. हल्ली ओलावामापक असतो. त्याच्या दोन सळ्या रोवल्या की त्या थरात पाण्याचं प्रमाण किती ते आकड्यात मिळतं. एकाच ग्रीनवर चढावरचा भाग कोरडाठाक आणि पायथ्याचा भाग चिखलासारखा असू शकतो. म्हणूनच मैदानाची निगा सांभाळणारा जाणता सुपरिंटेंडंट जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंचलित स्प्रिंकलर बंद ठेवतो आणि माणसांच्या हाती नळी देतो. ज्या वीतभर जागेला पाणी हवं, तेवढ्याच जागेला ते मिळतं. दुपारी पात्यांवर फक्त धुक्यासारखा फवारा मारला जातो. त्याचा हेतू मुळांना पाणी देणं हा नसतो, बाष्पीभवनाने पातं घटकाभर गार करणं एवढाच असतो. हवा दमट आणि कोंदट असली तर तोही फारसा उपयोगी पडत नाही, मग पंखे लावावे लागतात आणि वाऱ्याच्या आड येणाऱ्या फांद्या छाटाव्या लागतात. या सगळ्यात पाणी थोडं आणि माणूस फार लागतो. म्हणून जो क्लब उन्हाळ्यात मजूर कमी करतो आणि पाणी वाढवतो, त्याचा हिशेब दोन्हीकडून चुकतो.

२०१०च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व भागात कितीतरी क्लबांनी ग्रीन्स गमावली. तिथे पाण्याचा तुटवडा हे कारण नव्हतं. रात्री उष्ण होत्या, आणि जिथे त्या उष्णतेवर पाऊस पडत गेला तिथे हाल अधिक झाले. ‘पाणी असतं तर वाचलं असतं’ म्हणणाऱ्यांनी त्या उन्हाळ्याचं उत्तर द्यावं.

मुळात चुकीच्या जागी चुकीचं गवत लावून मग पाण्याने ते टिकवण्याचा अट्टहास किती महाग पडतो, हे अटलांटाच्या ईस्ट लेक मैदानाने दाखवलं. तिथे बेंटग्रासची ग्रीन्स होती. २००७च्या ऑगस्टमध्ये अटलांटात पारा चाळिशीला भिडला आणि त्या वर्षी जॉर्जियात दुष्काळही होता. सप्टेंबरमधल्या टूर चॅम्पियनशिपच्या तोंडावर ग्रीन्सची अशी दशा झाली की जगातल्या अव्वल खेळाडूंच्या सरावावर बंधनं आणावी लागली. क्लबने पुढच्याच वर्षी बेंटग्रास काढलं आणि बर्म्युडाच्या ठेंगण्या जातीचं गवत लावलं. २०११ची पीजीए चॅम्पियनशिप त्याच शहराच्या दुसऱ्या मैदानावर, अटलांटा अॅथलेटिक क्लबवर, अशाच ठेंगण्या बर्म्युडाच्या ग्रीन्सवर खेळली गेली, तीही भर ऑगस्टमध्ये. ईस्ट लेकचा प्रश्न अखेर आणखी पाणी देऊन सुटला नाही, गवत बदलल्यावर सुटला.

हे बर्म्युडा मराठी वाचकाला परकं नाही. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजे आपली हराळी. गणपतीला वाहायची दूर्वा तीच, आणि बांधावरून, उसातून खणून काढताना शेतकऱ्याला घाम फोडणारीही तीच. जॉर्जियातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा आफ्रिकेतल्या दुसऱ्या सायनोडॉन जातीशी संकर करून टिफवेसारखी वाणं तयार केली, आणि उष्ण प्रदेशातली गोल्फ मैदानं त्यांवर उभी राहिली. हराळीचा स्वभाव विदर्भातल्या कुठल्याही पडीक रानात पाहायला मिळतो. मे महिन्यात ती वाळून कोळ झालेली दिसते. जमिनीखालच्या तिच्या काशा मात्र जिवंत असतात आणि मृगाच्या दोन सरींत रान हिरवं होतं. ज्या गवताकडे एवढी सोय आहे, त्याच्या फेअरवेला भारतात भर मे महिन्यात हिरवं ठेवण्यासाठी रोज पाणी द्यायचं, याचं समर्थन मला कोणत्याही कोनातून सापडत नाही.

मग हा हिरवेपणा आला कुठून? तो बराचसा टीव्हीवरून आला, आणि त्यातही जॉर्जियातल्याच ऑगस्टा नॅशनल मैदानावरून. १९३४पासून तिथे मास्टर्स स्पर्धा होते, १९६६पासून ती रंगीत टीव्हीवर दिसते. दर एप्रिलमध्ये जगभरचे क्लबवाले ते मैदान पाहतात आणि आपल्या माळ्यांना विचारतात, ‘आपलं असं का नाही?’ ते असं का दिसतं, हे विचारायला हवं. स्पर्धा वसंतात असते. फेअरवेवर मुळात बर्म्युडाच असतं, पण शरद ऋतूत त्यावर रायग्रासचं बी टाकलेलं असतं आणि एप्रिलमध्ये जे चमकतं ते हे रायग्रास. बेंटग्रासच्या ग्रीन्सखाली नळ्यांचं जाळं आहे, त्यातून जादा पाणी ओढून घेतलं जातं आणि हवा खेळवली जाते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मे अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत हे मैदान बंद असतं. ज्या जॉर्जियन उन्हाळ्यात बाकीचे क्लब सभासदांना रोज खेळायला देतात, त्या उन्हाळ्यात ऑगस्टावर खेळच होत नाही. एप्रिलचं ते चित्र ऑगस्ट महिन्यातल्या मैदानाला लावायचं, हा अन्याय आहे. ज्यांना ऑगस्टा हवं आहे त्यांनी आधी पाच महिने खेळ बंद ठेवायची तयारी दाखवावी.

या चित्राला सर्वांत ठाम उत्तर मिळालं ते नॉर्थ कॅरोलायनात, पाइनहर्स्टच्या दोन नंबरच्या मैदानावर. डोनाल्ड रॉस यांनी वाळूच्या टेकड्यांत आखलेलं हे मैदान १९०७मध्ये सुरू झालं. पुढे काळाच्या ओघात तेही भिंतीपासून भिंतीपर्यंत हिरवं झालं. बिल कोर आणि बेन क्रेनशॉ यांनी २०१०-११मध्ये ते मूळ रूपाकडे नेलं. त्यासाठी १९४३मधल्या हवाई छायाचित्रांचा आधार घेतला. सुमारे ३५ ते ४० एकरांवरचं जोपासलेलं गवत काढून टाकलं, त्या जागी वाळू, पाइनच्या सुया आणि रानटी गवताचे झुबके येऊ दिले. पाण्याची सुमारे ११५० तोंडं होती, ती साडेचारशेवर आणली. फेअरवेच्या मधोमध एकच रांग ठेवली. त्यामुळे मध्यभाग हिरवा राहतो आणि कडेकडेने पाणी कमी पोहोचत जातं, तसा रंग फिकट होत तपकिरी होतो. वर्षाला साडेपाच कोटी गॅलनांच्या आसपास लागणारं पाणी दीड कोटींच्या आसपास आलं.

२०१४च्या जूनमध्ये तिथे यूएस ओपन झाली. लगेच पुढच्या आठवड्यात त्याच मैदानावर महिलांची यूएस ओपनही झाली. एकाच मैदानावर लागोपाठ दोन राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदाच होत होत्या. डोनाल्ड ट्रम्प तेव्हा गोल्फ मैदानांचे मालक म्हणून बोलत होते. पाइनहर्स्ट भयंकर दिसतं आणि असल्या दिसण्याने टीव्हीचे प्रेक्षक घटतील, हे काही गोल्फ नव्हे, अशा आशयाचं त्यांनी ट्विटरवर लिहिलं. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण ते एकट्याचं मत नव्हतं. हजारो सभासदांच्या मनातलं ते उघडपणे बोलले. म्हणून त्याचं उत्तर मुद्द्यावर द्यायला हवं.

प्रेक्षक त्या वर्षी खरंच घटले. पण मार्टिन कायमर पहिल्या दोन दिवसांतच इतका पुढे गेला की शेवटी तो आठ फटक्यांनी जिंकला. चुरस उरली नव्हती, आणि टायगर वुड्स पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे खेळतच नव्हता. दोन कारणं डोळ्यांसमोर असताना तिसरं कारण म्हणून गवताच्या रंगावर खापर फोडायला पुरावा लागतो, आणि तो कुणी दिला नाही. खेळाबद्दल म्हणावं तर त्या वाळूच्या कडांनी खेळाडूला निवडीचा पेच घातला. चेंडू कडेला गेला तर कधी चांगल्या जागी, कधी गवताच्या झुबक्यात. महिलांमध्ये मिशेल वी तिथे जिंकली. यूएस ओपन २०२४मध्ये पुन्हा पाइनहर्स्टला आली आणि यापुढेही तिथे यायची ठरली आहे. भयंकर दिसणाऱ्या मैदानावर देशाची सर्वांत मोठी स्पर्धा पुन्हा पुन्हा कुणी नेत नाही.

समुद्राच्या पलीकडे तर हा वाद कधी उद्भवलाच नव्हता. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या मैदानांवर फेस्क्यू असतं. ते कोरड्या उन्हाळ्यात निपचित पडतं, पिवळं होतं. २००६मध्ये रॉयल लिव्हरपूलला जमीन इतकी कठीण आणि पिवळी झाली होती की टायगर वुड्सने चार दिवसांत ड्रायव्हर ही लांब फटक्याची काठी एकदाच वापरली आणि ब्रिटिश ओपन जिंकली. २०१८मध्ये कार्नूस्टीही तसंच तपकिरी होतं. त्या स्पर्धांना कुणी ‘मेलेलं मैदान’ म्हटलं नाही.

निपचित पडणं आणि मरणं यांतला फरक सभासदांना समजावून सांगणं हे क्लबांचं काम आहे, आणि ते बहुतेक क्लब करत नाहीत. ताण पडला की गवत पानं सोडून देतं आणि जमिनीलगतचा बुंधा जपतं, कारण नवी पानं आणि मुळं तिथूनच फुटतात. तो बुंधा जिवंत ठेवायला दोन-चार आठवड्यांतून एकदा १२ मिलिमीटरच्या आसपास पाणी पुरतं. रोजच्या सहा मिलिमीटरने तीन आठवड्यांत सव्वाशे मिलिमीटर झाले असते. म्हणजे दहाव्या हिश्श्यात फेअरवे जगतो, फक्त तो हिरवा दिसत नाही. या काळात त्याला खरा धोका चाकांचा असतो. सुकलेल्या गवतावरून गोल्फ कार्ट गेली की तिच्या दोन चाकांच्या रेषा आठवडाभरात तपकिरी होऊन उमटतात. निपचित पडलेल्या भागावर कार्ट गेली की बुंधाच चिरडतो, आणि मग पाऊस पडला तरी तिथे काही फुटत नाही. म्हणून कडक उन्हाळ्यात पहिला निर्णय कार्ट फक्त पक्क्या वाटेवर ठेवण्याचा हवा. त्याला पैसा लागत नाही, पाणी लागत नाही. तरी तो सर्वांत उशिरा घेतला जातो, कारण सभासदाला चालायला लागतं.

आता माझ्या म्हणण्यातला कच्चा दुवा मीच दाखवतो, कारण विरोधक तो दाखवणारच. बेंटग्रासचं ग्रीन फेअरवेसारखं निपचित पडून परत येत नाही. तीन मिलिमीटरवर कापलेल्या पात्याकडे साठाच नसतो, आणि तपकिरीपणाचं कौतुक ग्रीनपर्यंत ताणलं तर ते अंगाशी येतं. २००४च्या यूएस ओपनमध्ये न्यू यॉर्कजवळच्या शिनेकॉक हिल्सवर आयोजकांनी ग्रीन्स इतकी सुकवली की शेवटच्या दिवशी सातव्या ग्रीनवर चेंडू थांबेना. दोन गटांच्या मध्ये नळीने पाणी मारावं लागलं. त्या दिवशी एकाही खेळाडूला पारखाली, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा कमी फटक्यांत, खेळता आलं नाही. आयोजकांच्या हातून ग्रीन निसटलं होतं, आणि ते पाण्याच्या काटकसरीपायी झालं नव्हतं. ते वेगाच्या हव्यासापायी झालं.

तेव्हा खरा दोष वेगाकडे येतो. ग्रीनवर चेंडू किती दूर घरंगळतो हे मोजायचं साधन एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५मध्ये बनवलं. ग्रीन्स एकसारखी आहेत का, हे तपासायला ते उपयोगी आहे. क्लबांनी त्याचा आकडा मिरवायला घेतला. आकडा वाढवायचा सोपा उपाय म्हणजे आणखी बारीक कापणं, आणि पातं जेवढं बारीक तेवढं अन्न कमी, मुळं आखूड, पाण्याची गरज तासातासाची. मैदान स्वतःच्या हाताने इतकं परावलंबी करून घ्यायचं आणि मग ‘तीन दिवसांत मरतं’ म्हणून सवलत मागायची, हे मला पटत नाही. उन्हाच्या दोन-तीन महिन्यांत कापणीची उंची अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढवली, एक दिवसाआड कापण्याऐवजी नुसता रोलर फिरवला, तर चेंडूचा वेग बराचसा टिकतो आणि गवताला उसंत मिळते. मिशिगन स्टेट विद्यापीठात रोलरवर वर्षानुवर्षं प्रयोग झाले आहेत, आणि रोलर फिरवल्याने डॉलर स्पॉट हा बुरशीजन्य रोगही कमी होतो असं तिथे आढळलं. नत्र कमी करणं, भर उन्हात वाळू घासणं आणि खरवडणं थांबवणं, सुईसारख्या दात्यांनी छिद्रं पाडून मुळांना हवा देणं, हे सगळं सुपरिंटेंडंटला माहीत असतं. तो ते करू शकत नाही, कारण शनिवारच्या स्पर्धेला वेग हवा असतो आणि तो कमी झाल्याचं पत्र सोमवारी त्याच्या टेबलावर येतं. त्याची नोकरी समितीच्या हाती असते. गवत मेलं तर दोष त्याचा, आणि गवत वाचवायला वेग कमी केला तरी दोष त्याचाच. या माणसाच्या बाजूने कुणीतरी लिहायला हवं, म्हणून मी हे लिहितो आहे.

व्यवसाय बुडेल, रोजगार जातील, हाही युक्तिवाद फ्रान्समध्ये झाला. रोजगाराची काळजी मलाही आहे. पण वर दाखवल्याप्रमाणे कमी पाण्याची निगा जास्त माणसं मागते. नळी धरायला माणूस लागतो, ओलावा मोजायला माणूस लागतो, कार्ट अडवणारी दोरी रोज सरकवायला माणूस लागतो. रोजगार वाचवायचे असतील तर पंपाच्या विजेवर जाणारा पैसा मजुरीकडे वळवा.

महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा क्रिकेटच्या निमित्ताने उघड्यावर पाहिला आहे. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं आणि मुंबई उच्च न्यायालयापुढे आयपीएलच्या मैदानांवरच्या पाण्याचा मुद्दा होता. ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला न्यायालयाने सांगितलं. अंतिम सामनाही मुंबईहून बंगळूरला गेला. सामन्यांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा त्या वेळी चर्चेत होता. वर केलेल्या हिशेबाने तीस हेक्टर भिजवणारं एक गोल्फ मैदान हेच पाणी सुमारे सव्वातीन दिवसांत संपवेल. गोल्फ मैदानावर प्रेक्षकांची गर्दी नसते, कॅमेरे नसतात, म्हणून त्याच्याबद्दल याचिका होत नाही. क्लबांनी याचा अर्थ सूट मिळाली असा घेऊ नये.

त्या वेळी क्रिकेटवाल्यांनी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायची तयारी दाखवली होती, आणि गोल्फ क्लबही हल्ली हेच उत्तर देतात. सांडपाणी वापरावं, जरूर वापरावं. पिण्याचं पाणी हिरवळीवर घालण्यापेक्षा ते शंभरदा चांगलं. पण ‘ते वाया जाणारंच पाणी आहे, मग हवं तेवढं घालू’ हे पुढचं वाक्य चुकीचं आहे. प्रक्रिया केलेल्या पाण्यात क्षार असतात, सोडियम असतं. कडक उन्हात पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. सोडियमने चिकण माती दाबली जाते, तिच्यातली हवेची छिद्रं मिटतात. क्षार धुऊन काढायला जादा पाणी लागतं आणि त्याला खाली निचरा लागतो. निचरा नसेल तर परत तेच, कोंडलेली मुळं आणि पाण्यात उभं राहून सुकणारं गवत. आणि प्रक्रिया केलेल्या पाण्याला शहरात दुसरी गिऱ्हाइकं असतातच: बांधकामं, कारखाने, वीज केंद्रांचे शीतमनोरे. तिथे ते गेलं की तेवढं धरणातलं पाणी वाचतं.

तेव्हा क्लबांच्या समित्यांकडे माझी मागणी पाण्याच्या स्रोताबद्दल नाही, क्षेत्राबद्दल आहे. उन्हाळा लागण्याआधी, आपल्याकडे फेब्रुवारीत आणि युरोप-अमेरिकेत मे महिन्यात, त्यांनी मैदानाचा नकाशा सूचनाफलकावर लावावा. कोणत्या हेक्टरला रोज पाणी मिळेल, कोणत्याला तीन आठवड्यांतून एकदा आणि कोणत्याला पावसापर्यंत अजिबात नाही, हे त्यावर रंगवून दाखवावं. खाली कापणीची उन्हाळी उंची लिहावी, कार्ट कोणत्या तापमानाला वाटेवर अडवली जाईल तेही लिहावं, आणि समितीच्या प्रत्येक सदस्याने त्यावर सही करावी. मग जूनच्या एखाद्या दुपारी कुणी तपकिरी फेअरवेकडे बोट दाखवलं, तर सुपरिंटेंडंटला त्या नकाशाकडे बोट दाखवता येईल.